डाव्या नाकपुडीचं वर्ष

सुचेताचं नाक नवव्या वर्षी मोडलं ते विटीने. भावाने, अनुपमने, दांडू असा काही हाणला की विटी सरळ तिच्या नाकावर बसली. तेव्हा कर्जतात नाकाच्या हाडासाठी डॉक्टर कोण शोधत बसणार? हळद-तुरटीचा लेप झाला, आठवड्याने पोर पुन्हा खेळायला लागली आणि नाक कायमचं डावीकडे कललं. डावी नाकपुडी तर जवळजवळ मिटलीच. मी त्यांच्या समोरच्या घरात नुकतीच लग्न होऊन आले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलेलं.

पुढे नाक टोचायला नेलं तर सोनाराने हात मागे घेतला. "इथे तार घातली तर ओढ बसेल, माई. राहू द्या." मग कानांवरच भागवलं.

माई म्हणजे सुचेताची आई. त्यांच्याकडे मोत्यांची नथ होती, त्यांच्या आईकडून आलेली. यजमान गेल्यावर माईंनी ती स्वतः कधी लावली नाही. वर्षभर डबीत कापसावर ठेवायच्या आणि भाद्रपदात गौरी बसल्या की थोरल्या गौरीला घालायच्या. घालताना दर वर्षी तेच म्हणायच्या, "यंदा हिला, पुढल्या वर्षी सुचेताला." गौर बिचारी ऐकून घ्यायची.

सुचेताने लग्न केलं नाही. नाकामुळे, असं कुणी म्हटलं की ती फणकारते, आणि ते खरंही नाही. खालापूरच्या शाळेत ती चित्रकला शिकवते, स्कूटीवरून जाते-येते, वाटेत दोघातिघांशी भांडते. कुणीतरी एकदा माईंना खोचकपणे विचारलं, बिनलग्नाच्या मुलीला नथ कशाला हवी? माई म्हणाल्या, "नथ काय नवऱ्याची असते? माझ्या आईची आहे ती." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

चाळिशी उलटल्यावर श्वास कोंडतो म्हणून सुचेता पनवेलच्या डॉक्टरांकडे गेली आणि आतला पडदा सरळ करताना बाहेरचं नाकही सरळ करून घ्यायचं ठरवून आली. मे महिन्याच्या सुटीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधी सगळं नीट सांगितलं होतं, मी बरोबर होते. पट्टी लवकर निघेल, पण सूज वर्षभर उतरत राहील, शेंड्याची सगळ्यात शेवटी. तोवर नाक कसं झालं ते ठरवू नका. टोचायचं ते वर्षानंतर बघू, तोवर नाकाला चिमटा नको, दाब नको. आणि दोन्ही नाकपुड्या तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात.

हे शेवटचं चित्रकलेच्या बाईंना सांगून काय उपयोग? पट्टी निघाल्यापासून ती रोज आरशापुढे मान मागे टाकून उभी. मोबाइलने खालून फोटो काढायचे, मोठे करून बघायचे. नाक सरळ झालं होतं, श्वास मोकळा झाला होता, पण हिचा जीव डाव्या नाकपुडीत अडकलेला. ती जराशी चिमटलेली होती. कामाला येणाऱ्या जनाचीही सुटका नव्हती.

"जना, खरं सांग गं, ही बारीक दिसते ना?"

"मला तं दोनी सारख्याच दिसत्यात, ताई. भाजी कंची चिरू?"

त्या वर्षी गौरी आल्या तेव्हा माईंना राहवेना. नाक सरळ झालेलं रोज समोर दिसतंय आणि नथ डबीत. त्यांनी सुचेताला बाजारात पाठवून नथीला चाप बसवून घेतला, टोचायला नको असा. मी भडकले. "माई, डॉक्टरांनी चिमटा नको म्हटलंय ना? एक वर्ष धीर धरवत नाही?"

"तिला वर्ष आहे गं," माई म्हणाल्या. "मला आहे का, ते विचारलंस डॉक्टरांना?"

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या आधी माईंनी स्वतः चाप दाबून नथ लावली. सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखल्यामुळे असेल. माई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जरा उजेडाकडे वळ." मग नुसत्या बघत राहिल्या. बायका आल्या, ओटी, प्रसाद घेऊन गेल्या, तरी त्यांची नजर हलली नाही. थोरली गौर त्या वर्षी पहिल्यांदाच बिननथीची होती.

पौषात माई गेल्या.

मे महिन्यात आम्ही पुन्हा पनवेलला गेलो. सूज पूर्ण उतरली होती आणि डावी नाकपुडी उजवीपेक्षा किंचित चिमटलेलीच राहिली होती. सुचेताने चापाचं सांगून टाकलं. डॉक्टर हसले. "दोन-तीन तासांच्या चापाने असं होत नाही हो. आतला व्रण आकसलाय. छोटंसं काम आहे, करून टाकू."

"नको," ती म्हणाली.

मला वाटलं, घाबरली. येताना वाटेत चौक गावी चहाला थांबलो तेव्हा मी तिला चांगलं झापलं. एवढं वर्ष आरसा झिजवलास, आता होतंय तर नको म्हणतेस?

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, डॉक्टर खरंच सांगत असतील. पण मला तो चापच वाटू दे. आईचं बोट टेकलं होतं तिथे."

यंदा भाद्रपदात त्यांच्या घरी गौरी बसल्या नाहीत, माईंना वर्ष व्हायचं होतं. पूजनाच्या दिवशी दुपारी सुचेता माझ्याकडे आली. साधी सुती साडी, हातात डबी. आता टोचायला हरकत नव्हती, पण तिने टोचलं नव्हतं.

"काकू, लावून देता? मला एकटीला जमत नाही."

मी तिला खिडकीपाशी बसवलं आणि डाव्या नाकपुडीला चाप दाबला. तिथला तो किंचित खोलगट भाग बोटाला कळला. नथ बरोबर तिथेच बसली.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती जरा उजेडाकडे वळली. आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, माईंचं बघून होईपर्यंत, तशीच बसून राहिली.