अर्जातला ‘ठेवले’

शेजारची काकी आपले कपडे, मासे विकायची पाटी आणि देवाचा फोटो घेऊन आमच्या पडवीत राहायला आली, तेव्हा मी कणकवलीला कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळा कायदा येतो असा घरच्यांचा समज होता. माझा नव्हता.

काकी विधवा. शेजारच्या काकांचीही बायको वारलेली. पंधरा वर्षांपूर्वी काकी त्यांच्या घरी राहायला आली. लग्न झालं नाही. काका होडी घेऊन जायचे, काकी त्यांचे मासे मालवणच्या बाजारात विकायची, आणि हळूहळू सगळी वाडी तिला वैनी म्हणू लागली. मग काकांचा भाऊ गावी परतला. त्याला हे नातं खटकलं. त्याच्या सांगण्यावरून एका सकाळी काकांनी तिचं सामान बाहेर ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं.

“गो, तुमच्या कायद्यात माझ्यासारखेक काय आसा काय?” काकीने मला विचारलं.

मी चाचरत सांगितलं, आहे. लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळू शकतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. ‘मिळू शकतो’ हे मी दोनदा म्हटलं.

“शकता काय शकता,” आई म्हणाली, “मिळता म्हणून सांग.”

अर्ज मीच लिहिला. काकी मालवणीत सांगत गेली, मी ते कचेरीच्या मराठीत उतरवत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी या कायद्याखाली अर्ज घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. त्या बाई शांतपणे वाचत होत्या. तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

“‘त्यांनी मला ठेवले.’ हा शब्द कुणाचा?”

“काकीचाच,” मी म्हटलं.

काकी म्हणाली होती, “तेना माका ठेवल्यान.” आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ इतकाच, की त्याने मला घरात घेतलं. पण कागदावर तोच शब्द वेगळा दिसत होता. ठेवलेली बाई. आणि नुसत्या ठेवलेल्या बाईला हा कायदा पत्नीसारखं मानत नाही, हे मला वर्गात शिकवलेलं होतं. माझे कान तापले. ज्या घरासाठी आम्ही आलो होतो, त्यातून मीच तिला काढत होते.

अधिकारी बाई काकीकडे वळल्या. “मावशी, तुमच्या भाषेत सांगा. ठेवलं म्हणजे काय?”

“म्हणजे ठेवल्यान, घरात,” काकी म्हणाली. “आणि मी पण तेका ठेवलंय. तेचो पाय मोडलो तेव्हा सा म्हयने कोणी केल्यान तेचा? भावान?”

“लोक तुम्हाला काय म्हणतात?”

“वैनी. पाठसून काय म्हणतत ता लिवा नको.”

बाई पहिल्यांदा हसल्या. मी ती ओळ खोडली आणि त्यांच्या सांगण्यावरून ‘विवाहसदृश संबंध’ असं लिहिलं. काकीला वाचून दाखवलं.

“ह्या म्हणताना माझी जीभ मोडात,” ती म्हणाली आणि सही केली.

बाईंनी अर्ज कोर्टात पाठवला. काही आठवड्यांनी कोर्टाचा तात्पुरता आदेश आला: निकाल लागेपर्यंत तिला त्या घरात परत राहू द्यावं, बाहेर काढू नये. प्रकरण अजून चालू आहे. शेवटी काय होईल, मला खात्रीने सांगता येत नाही.

आदेश आला त्या दिवशी मी पाटी उचलून तिच्याबरोबर गेले. काका अंगणात जाळं शिवत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“चावी खंय?” काकीने विचारलं.

“थंयच आसा,” ते म्हणाले.

काकीने तुळशीमागची करवंटी उचलली. नेहमीच्या जागी चावी होती. ती घेऊन काकी दाराकडे गेली.

“जेवलास?” आत जाताना तिने विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही.