माळ्याची नाडी पाहणाऱ्या बाई

घराच्या माळ्यावर होणारा एकही आवाज असा नाही, की ज्याचं निदान माझ्या थोरल्या नणंदबाईंना करता येणार नाही. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. जिवतीकडच्या डोंगरगावांत त्यांनी उभी हयात नर्सची नोकरी केली. निवृत्तीनंतर माणसं तपासणं संपलं, तेव्हा त्या घरं तपासू लागल्या. कुणाकडे गेल्या की पाण्याचा पेला हातात येण्याआधी त्यांची मान वर, छपराच्या कवेलूंकडे, म्हणजे कौलांकडे. मग सुरू होतं, "कधीपासून वाजून राह्यलं? दिवसा जास्त का सांजेले?" घरमालक बिचारा आपलंच पोट दुखत असल्यासारखी उत्तरं देतो.

शेजारच्या मावशींच्या माळ्यावर कुणीतरी खुळखुळा वाजवायचं. लिंबू-मिरची बांधून झाली, अंगारा झाला. बाई पदर खोचून शिडीवर चढल्या आणि वाळून खडखडीत झालेली लवकी, म्हणजे दुधी भोपळा, घेऊन खाली आल्या. "हे पाहा तुमचं भूत! बियांसाठी ठेवली अन् विसरल्या. उंदीर लोटून राह्यला तिले." दुसऱ्या एका घरी भर दुपारी छतावर 'ठण्ण' व्हायचं. तिथं त्या वर चढल्यासुद्धा नाहीत. "पत्रा हाय. तापला का फुगते," म्हणाल्या आणि चहा मागितला.

मागच्या उन्हाळ्यात पाळी आमच्यावर आली. आमचं घर मूल गावी. दिवेलागणीला माळ्यावर धप्प व्हायचं, मग बारीक कुरकुर. यांनी पावसाळ्याआधी कवेलू फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावायला, सोमवारी मजूर सांगितले होते आणि भिंतीच्या माथ्याशी असलेलं भगदाडही त्यातच बुजवून टाकायचं ठरवलं होतं. मी बाईंना फोन केला. शनिवारी त्या भद्रावतीहून बसने आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"चिन्नोर कोणी शिजवला?"

घरात त्या दिवशी भाताचं शीतही नव्हतं. तसा सुवासिक तांदळाचा वास मलाही येत होता, पण मी तो शेजारचा समजत होते. बाईंनी माळ्यावर तांदळाचं पीठ भुरभुरलं. सकाळी त्यात पंजे उमटलेले, आणि कोपऱ्यात लेंड्या, सिंदीच्या बियांनी भरलेल्या. "उदमांजर हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगाले असाच वास येते." मग फळीला कान लावून त्या इतका वेळ बसल्या, की मला वाटलं झोप लागली. उठल्या त्या आवाज खाली आणूनच. "एकटी नाई. बाळंतीण हाय."

यांनी कपाळाला हात लावला. "बाई, पाऊस थांबते काय तिच्यासाठी? एकदा गेले तर मजूर भेटत नाईत."

"भोक बुजवलं तर माय बाहेर अन् पिल्लं आत. आखी जिनगानी बाळंतिणीच सांभाळल्या मी. आता भावाच्याच घरातून एकीले हाकलू काय?"

हे उठले आणि मजुरांना नको म्हणून सांगून आले.

बाईंचा मुक्काम वाढला. रोज सकाळ-संध्याकाळ फळीला कान. मध्येच एक अवकाळी सर येऊन गेली, यांची गादी चिंब झाली. बाईंनी स्वतःची गादी भावाला दिली आणि सतरंजीवर निजल्या, पण म्हणणं सोडलं नाही. शेवटी एका संध्याकाळी त्या भगदाडातून आधी एक काळपट तोंड बाहेर आलं. मागून एक, दोन, तीन पिल्लं. कौलांवरून कडुलिंबाच्या फांदीवर आणि फांदीवरून परसात. हेही श्वास रोखून बघत होते.

"तिनी धडधाकट," बाई म्हणाल्या. मला वाटलं, आता खूश होतील. पण जेवताना त्यांची मान पुन्हा पुन्हा माळ्याकडे जात होती. दुसऱ्या दिवशी भगदाड बुजलं आणि त्या गेल्या.

भद्रावतीला त्या एका इमारतीत, मधल्या मजल्यावर एकट्याच राहतात. वर स्लॅब, त्याच्या वरच्या घराला कुलूप. तिथं काही वाजतच नाही. मागच्या आठवड्यात मी फोन केला आणि म्हटलं, "बाई, माळ्यावर काहीतरी फरफटत जातं बघा. मधूनच टकटक करतं."



"कोणी वर चढू नका," बाईंचा आवाज एकदम तरणा झाला होता. "उद्याच्या पह्यल्या गाडीनं येऊन राह्यली मी."

फोन ठेवला. माळ्यावर चिटपाखरू नव्हतं. उद्या त्यांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मी आधी त्यांची गादी उन्हात टाकली.