सगळ्या डॉक्टरांचा एकच मित्र

मोठ्या माणसांना कसं शिकवावं, हे मला एका गृहस्थांनी दुपारभर व्याख्यान देऊन शिकवलं. तेव्हा मी दिल्लीतल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवत होते आणि वरून हुकूम आला होता की सर्व अध्यापकांनी शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यावं. पडदे ओढलेल्या सभागृहात गृहस्थ एकेक ट्रान्सपरन्सी प्रोजेक्टरवर ठेवत आणि त्यावर जे लिहिलं असेल तेच वाचून दाखवत. प्रौढ माणसाचं लक्ष व्याख्यानात फार वेळ टिकत नाही, हे त्यांनी वाचलं तोवर माझ्या शेजारचे शरीररचनेचे प्राध्यापक घोरायला लागले होते. प्रौढ माणसाला बोलायची संधी द्यावी, हेही त्यांनी वाचलं. त्यावर कुणीतरी हात वर केला, तर म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी समोसे गार होत होते म्हणून प्रश्न राहिले.

मी हसत घरी आले खरी, पण त्या ट्रान्सपरन्सीवरचा मजकूर डोक्यातून जाईना. मोठा माणूस स्वतःच्या अनुभवातून शिकतो, स्वतःच्या चुकीतून शिकतो, त्याला गरज वाटली तरच शिकतो. त्याला सांगून उपयोग नाही, त्याला स्वतःहून तिथवर येऊ द्यावं लागतं. मला हे इतकं पटलं की काही दिवस मी भाजीवाल्यालाही उपदेश करणं सोडलं होतं.

याच सुमारास देशात सगळं खुलं झालं आणि यमुनेपलीकडे नोएडात काचेच्या इमारती उगवायला लागल्या. त्यातली एक होती हॉस्पिटलची. त्याचे जनरल मॅनेजर हॉटेलच्या धंद्यातून आलेले होते आणि पेशंटला गेस्ट म्हणत. आसपासच्या सेक्टरांमधल्या फॅमिली डॉक्टरांना दर महिन्याला बोलावून काही शिकवावं, अशी त्यांची कल्पना होती. शिकवणं हे निमित्त. खाल्लेल्या जेवणाला जागून त्या डॉक्टरांनी पेशंट आमच्याकडे पाठवावेत, हा उद्देश. तो माझ्यापासून कुणी लपवला नाही आणि मीही तो कळला नाही असं दाखवलं नाही. मला हवे तसे वर्ग घ्यायला मिळणार होते. मी सरकारी नोकरी सोडली.

बाबांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी सगळा जन्म केंद्र सरकारच्या दवाखान्यात काढला होता. रिटायर झाल्यावर आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि वर्षाच्या आत आई गेली. मग बाबांनी सेक्टरच्या मार्केटमध्ये, एसटीडी बूथ आणि केबलवाल्याच्या मधल्या गाळ्यात क्लिनिक उघडलं. सकाळ-संध्याकाळ ते उघडायचं म्हणून ते रोज दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि दोन वेळा नीट जेवत. ते नसतं तर यातलं काय राहिलं असतं, याचा विचार मी करत नसे.

विचार करावा लागणार होता, कारण बाबांना ऐकू कमी यायला लागलं होतं. आमच्या टीव्हीच्या बातम्या सगळा जिना ऐकायचा. कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या कानापर्यंत पोचायच्या नाहीत. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची तक्रार होती. एकदा मी म्हटलं, बाबा, कान तपासून घेऊ या. ते म्हणाले, “अच्छा, आणि कानात मशीन घातलं की स्टेथोस्कोप कुठे घालू?” पुढे मी तो विषय काढला नाही. ज्याला छातीतले आवाज ऐकू येत नाहीत त्याने पेशंट तपासू नयेत, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता आलं असतं. बाबांना ते कुणी सांगायचं, एवढाच प्रश्न होता. मी मनाला समजावलं की मोठ्या माणसाला सांगून उपयोग नसतो, त्याला स्वतःहून तिथवर येऊ द्यावं लागतं.

तर वर्ग सुरू झाला. मी खुर्च्या गोल मांडायला लावल्या, म्हणजे सगळे समान. वर्तुळाला मागची रांग नसते, पण आमच्या डॉक्टरांनी ती तयार केली. आले, खुर्च्या ओढल्या आणि भिंतीला टेकून बसले. व्याख्यान नाही, हे कळल्यावर त्यांचे चेहरे पडले. व्याख्यानात झोपता येतं, चर्चेत येत नाही. मी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या प्रॅक्टिसमधली एक केस आणायची, जिथे आपलं काहीतरी चुकलं. मी उत्तर देणार नाही, उत्तर सगळ्यांनी मिळून शोधायचं.

पुढच्या महिन्यात कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. एवढ्या सगळ्या डॉक्टरांची इतक्या वर्षांची प्रॅक्टिस आणि एक चूक नाही. शेवटी एक धिप्पाड पंजाबी डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “मॅडम जी, मेरी तो नहीं, मेरे एक दोस्त की है.” या मित्राने छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं होतं, आणि गॅस निघाला हार्ट अटॅक. हे ऐकून सगळे जागे झाले. मित्राने काय विचारायला हवं होतं, काय बघायला हवं होतं, याच्यावर इतकी जोरदार चर्चा झाली की जेवण थांबलं. मित्राला सगळ्यात जास्त शिव्या पंजाबी डॉक्टरांनीच घातल्या.

मग रस्ता मोकळा झाला. प्रत्येकाला मित्र निघाला. मित्राने गरोदर बाईला न विचारता पोटाचा एक्स-रे काढायला पाठवलं होतं. मित्राने साध्या तापाला टायफॉइड ठरवून महिनाभर खिचडीवर ठेवलं होतं. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की नोएडातल्या सगळ्या डॉक्टरांचा एकच मित्र आहे आणि दुर्दैवाने तोही डॉक्टर आहे. मी एक नियम केला, मित्र कोण ते कुणी विचारायचं नाही. जनरल मॅनेजरांच्या कानावर या मित्राची कीर्ती गेली तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे डॉक्टर आपल्याकडे पेशंट पाठवतात का, नसतील तर त्यांना जेवायला बोलवा.

बाबाही या वर्गाला येत. माझ्यासाठी येत, असं सांगत. सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणत आणि माझ्या शेजारचीच खुर्ची धरत. मला ते बापाचं कौतुक वाटे. त्यांचा डावा कान त्यातल्या त्यात बरा होता आणि तो माझ्याकडे यावा म्हणून ते तिथे बसत, हे मला पुढे कळलं. परतताना गाडीत ते माझ्या पद्धतीची टर उडवायचे. “आम्हाला कुणी असं गोल बसवून शिकवलं नाही. राउंडला सर ओरडायचे, आम्ही शिकायचो.” कधी म्हणत, “मराठी माणसाला बघ, हरल्याची लाज नाही. दर जानेवारीत बस करून पानिपतला काला अंबला जातो आणि इथे हरलो म्हणून हात जोडतो. आणि या तुझ्या डॉक्टरांना एक चुकीची गोळी कबूल करायला मित्र लागतो.” मी म्हणायची, मग तुम्ही आणा ना एखादी केस. त्यावर ते खिडकीबाहेर बघत.

त्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी आमच्या हॉस्पिटलात ॲडमिट झाली. पाच वर्षांची. ताप, खोकला, आणि श्वास इतका जोरात की बरगड्या मोजाव्यात. उजव्या बाजूला न्यूमोनिया होता. मी बघायला गेले तेव्हा तिची आजी बाहेर बाकावर बसली होती. तिने सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, “आपके पापा ने तो देखा था, बेटा. बोले छाती बिल्कुल साफ़ है.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाबांसारख्या मोठ्या डॉक्टरांनी बघूनसुद्धा असं कसं झालं, याचं तिला नवल वाटत होतं. मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

मुलगी बरी होऊन घरी गेली. आमच्या घरात त्यावर जे बोलणं झालं ते असं. बाबांनी विचारलं, “ती कशी आहे?” मी म्हटलं, “बरी आहे.” ते म्हणाले, “अच्छा.” मग आम्ही जेवलो.

त्यानंतरच्या वर्गाला सुरुवातीलाच बाबांनी हात वर केला. “मॅडम, मेरा एक दोस्त है.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या महिन्यांनी म्हाताऱ्याला मित्र मिळाला, म्हणून पंजाबी डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थापही मारली. बाबा हसले नाहीत. मित्राचं वय झालंय, ते म्हणाले. छातीतले मोठे आवाज त्याला येतात, बारीक येत नाहीत. परवा एका मुलीची छाती त्याने पुढून-मागून नीट ऐकली. त्याला काहीच ऐकू आलं नाही, म्हणून त्याने साफ आहे असं सांगितलं. 

वर्ग कामाला लागला. मी शिकवल्याप्रमाणे तो उत्तम चालला. एकाने विचारलं, कानात मळ तर नाही? ते बघून झालं, बाबा म्हणाले. दुसऱ्याने आवाज मोठा करणारे नवे स्टेथोस्कोप निघाल्याचं सांगितलं. मित्राने तोही लावून पाहिला होता, त्यात शर्ट घासल्याचा आवाजच मोठा ऐकू येत होता. मला या सगळ्याचा पत्ता नव्हता. बरोबर एखादा तरुण डॉक्टर ठेवावा, असं एक जण म्हणाला. एवढ्याशा गाळ्यात कोण येतं, बाबा म्हणाले. तिसऱ्याने सुचवलं, प्रत्येक खोकल्याला एक्स-रे काढायचा. तेवढ्यापुरता मागे उभ्या असलेल्या जनरल मॅनेजरांचा चेहरा खुलला. नुकतंच क्लिनिक टाकलेली एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, “सर, आपके दोस्त रुक क्यों नहीं जाते?”

बाबांना ते नीट ऐकू आलं नाही, तिने पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले की थांबला तर सकाळी उठून काय करायचं, ते त्याला माहीत नाही.  त्या मित्राला पहिल्यांदाच कुणी शिवी दिली नाही.

बाबा माझ्याकडे वळले. “मॅडम, आप कुछ नहीं बोलीं.”

मी म्हटलं, इथे मी उत्तर देत नाही, तुम्हाला माहीत आहे.

“नियम पता है. दोस्त को जवाब चाहिए.”

 मी खाली बघून हळू आवाजात सांगितलं. बाबांनी कानामागे हात धरला आणि पुढे झुकले. “ज़रा ज़ोर से, मॅडम.”

मग मला ते सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागलं. “दोस्त से कहिए, क्लिनिक बंद कर दें.”

एव्हाना सगळ्यांना सगळं कळलं होतं. बाबांनी दोनदा मान हलवली, ज्युनियरने बरोबर निदान केल्यावर हलवावी तशी. जेवताना एकेक डॉक्टर येऊन त्यांच्याशी हात मिळवून गेला. पंजाबी डॉक्टर म्हणाले, “अपने दोस्त को हमारा सलाम कहना, सर.” मनाजोगा वर्ग कसा असतो, हे त्या दिवशी मला पाहायला मिळालं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

 परतताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा बाबा म्हणाले, “मित्र एक विचारत होता.”

“काय?”

“त्याच्या मुलीला हे कधीपासून माहीत होतं?”

“वर्षभर तरी,” मी मोठ्याने म्हणाले.

“मग ती बोलली का नाही?”

मी सांगायला लागले. मोठ्या माणसाला नुसतं सांगून पटत नाही, बाबा. त्याचा मान राखावा लागतो. त्याला स्वतःला गरज वाटावी लागते, स्वतःच्या अनुभवातून त्याने तिथवर यावं लागतं, तरच ते पक्कं होतं. मी तुम्हाला वेळ देत होते. सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, तरी माझं चाललंच होतं. बाबा माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकत होते. मधे त्यांनी एकदाही टोकलं नाही.

“बरोबर असेल,” ते म्हणाले. “मोठ्या माणसाचं तसं असेल. ती पोर पाच वर्षांची होती.”