मागची लाईट

रोज सकाळी गाडी काढायच्या आधी बाबा मला पिकअपच्या मागे उभं करायचे. आत बसून ते किल्ली फिरवून दिवे लावायचे, ब्रेक दाबायचे आणि ओरडायचे, "लागली?" मी म्हणायचे, "लागली." मग डावा इंडिकेटर, मग उजवा. एवढं झालं की ते मासळी आणायला सातपाटीला निघायचे आणि मी कॉलेजची तयारी करायला घरात जायचे. ही सवय अपघातानंतरची.

अपघात झाला दिवाळीनंतर, बेटेगावजवळ, दिवस मावळून गेल्यावर. बाबा मासळीचे रिकामे क्रेट घेऊन परतत होते. चालत्या गाडीचे सगळे दिवे अचानक गेले. त्यांनी गाडी हळू करत कडेला घ्यायला सुरुवात केली, पण ती रस्त्यावरून पुरती उतरायच्या आत मागून मोटारसायकल आदळली. मोटारसायकलवर आमच्याच गावातले एक काका होते. तारापूरच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी चालले होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

बाबा सगळ्यांना एकच सांगत राहिले, "लाईट चालू होती. आपोआप गेली." पण दुसऱ्या दिवशी गावातल्या चार माणसांसमोर त्यांनी किल्ली फिरवून बटण दाबलं, तर पुढचे, मागचे सगळे दिवे लागले. तिथेच बाबांचा शब्द संपला. नाक्यावर गाडी दिसली की पोरं हाक मारायची, "दादा, लाईट लावलीस का? का आजपण बॅटरी वाचवतोस?" बाबा ऐकून घ्यायचे.

काका शिव्या देत नव्हते. बाबा दोनदा त्यांच्या घरी गेले, दोन्ही वेळा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. घरी येऊन बाबा आईला म्हणाले, "पाय काय मी परत देऊ शकत नाय. पण मी खोटं बोललो नाय, एवढं त्याला कळलं पायजे."

तीन महिन्यांनी गाडी पुन्हा बिघडली. कडक उन्हात वायपर आपोआप फिरायला लागले. मग एका सकाळी मी मागे उभी असताना "लागली" म्हणाले आणि माझ्या डोळ्यांसमोर दिवे विझले. बाबांनी बटणाला हातही लावला नव्हता. ते खाली उतरून मागे आले आणि त्या विझलेल्या लाईटकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना आनंद झाला होता.

त्याच दिवशी आम्ही बोईसरला गाड्यांच्या एका वायरमनकडे गेलो. मी कॉलेज बुडवलं. बाबा म्हणाले, "तू चल. तो काय सांगेल ते नीट ध्यानात ठेव. आपल्याला ते तिकडे सांगायचं हाय." तिकडे म्हणजे काकांकडे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेच्या फॉर्मपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मला कळतं अशी बाबांची खात्री असते. नाही कळलं तरी मी मान डोलावते.

वायरमन उत्तरेकडचा होता, हिंदी बोलायचा. त्याने गाडीला आपलं यंत्र लावलं, बराच वेळ तारा तपासल्या, मग डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागेतलं प्लास्टिक काढलं आणि मागून हाताच्या पंजाएवढा काळा डबा ओढून बाहेर घेतला. त्याला तो बीसीएम म्हणत होता. दिवे, वायपर, हॉर्न, दाराचं कुलूप, सगळ्यांना हुकूम त्या डब्यातून जातो, असं त्याने समजावून सांगितलं. मग स्क्रू काढून झाकण उघडलं.

आत हिरवट पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. एका कोपऱ्यात तर सर्किटच्या पट्टीवरच्या बारीक रेषा दिसतच नव्हत्या.

"देखो चाचा, नमक खा गया," तो म्हणाला. "कभी लाइट जलेगा, कभी नहीं जलेगा. इसका कोई भरोसा नहीं."

बाबांनी मला जवळ ओढलं. "बघ. बघितलंस? कधी लागेल, कधी नाय. मी हेच सांगत होतो ना?"

वायरमनने विचारलं, "मच्छी की गाड़ी है ना? इधर क्या लटकाते हो?"

बाबांनी वर बघितलं. त्या जागेच्या बरोबर वर एक हूक होता. सातपाटीच्या बायका निघताना त्यांना घरासाठी मूठभर मांदेली, कधी बोंबील बर्फासकट पिशवीत घालून द्यायच्या. पिशवी त्या हुकाला असायची. कॉलेजला जाताना कधी मी त्या बाजूला बसले की माझी चप्पल ओली व्हायची. मी कधी काही बोलले नव्हते.

"म्हणजे आपल्याच पिशवीचं पाणी," बाबा हळूच म्हणाले. पण लगेच त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. निदान कारण सापडलं होतं. "तू इथं थांब, मी च्या सांगून येतो सगळ्यांना." एवढ्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच कुणाला चहा पाजायचं मनावर घेतलं होतं.

मी उघड्या डब्यासमोर उभी होते. फोन माझ्या हातात होता. फोटो काढावा असं मनात आलं. पण गॅरेजमध्ये पाच सहा माणसं होती, सगळी अनोळखी, आणि मी एकटीच मुलगी. "भैया, फोटो काढू का" एवढंच विचारायचं होतं. मी ते वाक्य मनात हिंदीत जुळवत राहिले.

तेवढ्यात वायरमनने थिनरची बाटली घेतली, पट्टीवर ओतली आणि टूथब्रशने घासायला लागला. हिरवं पाणी फडक्यात उतरलं. मी "भैया..." म्हणाले तेव्हा पट्टी चकचकीत झाली होती.

"क्या हुआ, बेटा? साफ नहीं करेंगे तो डाटा कैसे निकलेगा?" तो म्हणाला. मोडीत गेलेल्या तसल्याच गाडीचा डबा त्याच्याकडे होता. जुन्यातली माहिती त्यात भरली नाही तर गाडी आमची किल्ली ओळखणार नव्हती. त्याचं काही चुकलं नव्हतं.

कॉलेजात मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला मॅडम दर वेळी बजावतात, निरीक्षण आधी लिहा, परीक्षानळी मग धुवा.

बाबा चहा घेऊन आले. आधी म्हणाले, "वा, किती साफ केलंस!" मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी चहाचा एक ग्लास माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसरा डबा बसला, सगळे दिवे लागले. जुना डबा बाबांनी फडक्यात गुंडाळला आणि घरी न जाता आम्ही थेट काकांकडे गेलो.

काका ओट्यावर बसले होते, कुबड्या खांबाला टेकवलेल्या. या वेळी तोंड फिरवायला भिंत नव्हती म्हणून असेल, त्यांनी ऐकून घेतलं. बाबांनी सगळं सांगितलं. पिशवीचंही. मला वाटत होतं, ते सांगू नये.

काकांनी डबा उलटसुलट केला, आतली पट्टी बघितली. "हा तर नवा दिसतो."

"धुतला त्यानं. आत हिरवं झालं होतं, मिठानं."

"कोणी पायलं?"

"मी," मी म्हणाले. "मी बघितलं, काका."

काका रागावले नाहीत. "तू त्याचीच पोरगी ना. तू दुसरं काय सांगणार?" मग बाबांना म्हणाले, "आणि दादा, पाणी तुझ्याच पिशवीचं होतं ना? मग लाईट गेली काय, नि तू लावली नाय काय, मला काय फरक?"

काकी पाणी घेऊन आल्या होत्या. बाबांनी दोन घोट घेतले, डबा परत गुंडाळला आणि आम्ही निघालो.

अंधार पडायला लागला होता. बाबांनी दिवे लावले, गाडी अंगणात मागे घेतली. ओट्यावर, कुबड्यांवर लाल उजेड पडला. मला कोणी मागे उभं केलं नव्हतं. काका तिथूनच म्हणाले, "लागली, दादा."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी आरशात बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते मला मागे उभं राहायला हाक मारत नाहीत. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की मी आपणहून मागे जाऊन उभी राहते आणि लागली म्हणून सांगते. ते ऐकतात की नाही, मला माहीत नाही.