डाव्या हाताची घडी

लग्न होऊन नाशिकजवळच्या फुलांच्या मळ्यात आले, तेव्हा माझ्या डाव्या हाताचं तिथे कुणाला कौतुक वाटलं नाही. जेवायचं उजव्या हाताने, हळदीकुंकू लावायचं उजव्या हाताने, एवढं मी माहेरीच मार खाऊन शिकले होते. पण सुई उजव्या हातात धरली की माझं काही चालायचंच नाही. पहिल्या दसऱ्याला बायका झेंडूची तोरणं ओवायला बसल्या आणि सासूबाईंची नजर माझ्या हातावर पडली.

"देवाच्या दाराचं तोरण डाव्या हातानं? कोण घेईल गं ते? उजव्यानं ओवायचं असंल तर बस, नाय तर फुलं तोडाय जा."

गेले फुलं तोडायला. नव्या सुनेने दुसरं काय करायचं? पण डोकं तापलं ते तापलंच. याच हाताने तोडलेली फुलं देवाला चालतात आणि याच हाताने ओवलेली चालत नाहीत, हा कुठला न्याय?

पुढच्या दसऱ्याला मी हट्टाने सुई घेऊन बसले. म्हटलं, ओवीन तर याच हाताने, नाही खपलं तर पुन्हा नाव काढणार नाही. वर आणखी आगाऊपणा केला. बाकीच्या बायका आंब्याचं पान सरळ ओवायच्या. मी ते मधोमध दुमडलं आणि टोक देठापाशी टाचलं. पोपटाच्या चोचीसारखी घडी झाली. डाव्या हाताची घडी, म्हणून सगळ्या चोची डावीकडे.

"पानं रुसून बसल्यागत दिसत्यात," सासूबाई म्हणाल्या. फुलबाजारात त्यांनी मला शेजारी बसू दिलं नाही. मी वेगळं पोतं अंथरलं. दुपार व्हायच्या आत त्या पोत्यावर एक तोरण उरलं नव्हतं. त्यानंतर सासूबाईंनी ओवण्यावरून मला पुन्हा उठवलं नाही.

मग काय, अख्ख्या बाजाराने ती घडी उचलली. कुणी विचारून, कुणी न विचारता. माझं तोरण समोर ठेवून बायका हुबेहूब नक्कल करायच्या. त्यांचे हात उजवे, तरी मनगट वाकडं करून टोक डावीकडेच न्यायच्या. मला चीड यायची. नवरा हसायचा, "पानावर काय तुझं नाव कोरायचंय का?"

हो, कोरायचंच होतं! पुरुषांची नावं दुकानांच्या पाट्यांवर असतात, सातबाऱ्यावर असतात, ट्रॅक्टरच्या पुढेसुद्धा असतात. माझं कुठेच नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी, मुलं कॉलेजात जायला लागली होती तेव्हा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी माहेरी लासलगावला गेले होते. कांदा मार्केटबाहेर धुतलेले ट्रॅक्टर उभे आणि रस्त्याच्या कडेला एक सासू-सून तोरणं ओवत बसलेल्या. पुढ्यात मांडलेल्या तोरणांच्या सगळ्या चोची डावीकडे! इतका आनंद झाला की रस्त्यातच हसू फुटलं. माझी घडी माझ्याआधी माहेरी येऊन पोहोचली होती.

तेवढ्यात सुनेच्या हातातलं तोरण बघून सासू तिच्यावर खेकसली. "उलटी घडी घातली ना! टोक डावीकडंच पाहिजे. उजवीकडचं देवाला चालत नाय."

सून खाली मान घालून दोरा उसवायला लागली.

मी म्हटलं, "मावशी, ही घडी मीच काढलीये. मी डावरी आहे म्हणून टोक डावीकडे येतं. देवाचा काही संबंध नाही."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "काहीबी काय बोलता ताई. पहिल्यापासून असंच हाय हे."

मी खूश व्हायला हवं होतं. माझ्या हाताची खोड आता देवाचा नियम झाली होती, याहून मोठी पाटी कुठली? पण माझं डोकं पुन्हा तसंच तापलं, त्या पहिल्या दसऱ्यासारखं. कुणाला फुलं तोडायला हाकलण्यासाठी मी ती घडी घातली नव्हती. असलं नाव नकोच मला.

"उसवू नकोस गं," मी त्या सुनेला म्हटलं. "मला हेच पाहिजे."

दसऱ्याला ते तोरण आमच्या दाराला लावलं. सासूबाई आता थकल्या होत्या. चौकटीला धरून त्यांनी वर पाहिलं.

"ही पानं उजवीकडं कशी गं? उलटं झालंय."

"उलटं नाही," मी म्हटलं. "दुसरीच्या हाताचं आहे."