हो म्हणण्याआधीची नजर

सोमवारी काका ऑफिसात आले नाहीत. दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेले होते.

'हो' म्हणणाऱ्या माणसावर काकांइतका अविश्वास उभ्या नाशकात कोणी दाखवला नसेल. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतले ते सर्वांत जुने. नव्या कामात कोणाचं मत खरं चालतं, हे शोधणं त्यांच्याकडे होतं. त्यासाठी ते प्रश्न विचारत नसत, नजरा पाहत. "अगं, पाटीवर नाव असतं तो मालक. हो म्हणताना मालक ज्याच्याकडे बघतो, तो खरा स्टेकहोल्डर!" हा छंद ऑफिसापुरता राहिला असता तर बरं. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचा होकार नेमका कोणत्या मावशीकडून निघाला, हे ते वधूपित्याच्या कानात सांगत. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांना सोडून मागच्या रांगेतल्या त्यांच्या जावयाशी वाद घालत. गंगापूर रोडवर मिसळ खाताना वेटरने "तर्री अजून?" विचारलं की स्वतः मात्र काकूंकडे बघत. काकू म्हणत, "जगाच्या नजरा पकडतात. स्वतःची तेवढी सापडत नाही."

अंबडच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. मालाची कोणती गाडी कधी सुटेल, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवणार होतं. मालक दर वेळी "छान आहे, करू" म्हणत आणि सही करत नसत. काम गेलं असतं तर माझी टीम मोडणार होती. शेवटी काका सोबत आले. चहात बिस्किट बुडवत बसले. मालक "करू" म्हणाले तसे काका उठले आणि काचेपलीकडे बसलेल्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. त्या मालकांच्या थोरल्या बहीण.

"ताई, तुम्हाला हे नको आहे ना?"

"मला विचारलंय कोणी? गाड्या मी सोडते. सणाला एखाद्या ड्रायव्हरला लवकर घरी पाठवायचं असलं, तर तुमचं मशीन ऐकणार का माझं?"

"नाही ऐकणार," काका म्हणाले. "पण ऐकायला लावू."

तसं लावलं. पुढच्या बैठकीत ताईंनी काचेपलीकडून नुसती मान हलवली आणि सही झाली. परतताना मी आभार मानू लागले, तर काका म्हणाले, "बिस्किटं बरी असतात हं यांच्याकडे."

परवा मीटिंगमध्ये एका ग्राहकाने विचारलं, "मॅडम, दिवाळीपर्यंत नक्की देणार ना?" उत्तराआधी माझी मान डावीकडे वळली. तिथे बसून काका डोळे मिटत, म्हणजे 'हो'. चष्मा पुसायला घेत, म्हणजे 'थांब'.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

हो म्हणण्याआधी मी अजून तिकडे बघते. तिथे खुर्ची आहे.