ओली बेंबी

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, ती परत सासरी गेलीच नाही. मूल झालं आणि इस्पितळातच ती गेली. रक्त थांबलं नाही, एवढंच मला समजलं. मागे राहिली तिची मुलगी, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी.

बाराव्याला चिपळुणाहून जावई आणि विहीणबाई आल्या. नात आमची, आम्ही नेणार, म्हणाल्या. पण ओल्या बेंबीचं मूल वेशीबाहेर काढायचं नाही, ही दोन्ही घरची रीत. "सुकली की कळवा." मी मान हलवली.

बेंबी पुसायचं काम माझ्याकडे आलं. बायकोला मोतीबिंदू, त्यात रडून रडून डोळे गेलेले. माझा हात उभा जन्म आंब्याची कलमं बांधण्यात गेला, तो अजून कापत नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही, पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते एकदा ऐकून पुरलं. हळद नाही, तेल नाही, राख तर नाहीच. उकळून गार केलेलं पाणी, कापूस, आणि मग कोरडं टिपायचं. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा.

नाळ गळून पडली, पण आत मसुराएवढा लाल कोंब राहिला. रोज पाझरायचा. झबल्याला पिवळट डाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. भिऊ नका. नाहीच सुकला तर औषधाने जाळू, थोडे दिवस वाट बघू."

मला बरं वाटलं. पुसताना मी तिला म्हणायचो, "सावकाश हो गो बाय, घाई कसली?" ती माझ्या अंगठ्यावर लाथ मारायची. पण पुसण्यात मी कसूर केली नाही, हेही लिहून ठेवतो.

मग विहीणबाई बघायला आल्या. लंगोट सोडून म्हणाल्या, "अजून ओलीच? काय व्याही, सुकवताय की कलमासारखं पाणी घालताय?"

बायको हसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. मला मात्र ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती "राहू दे हो, थांबा म्हणाली ना डॉक्टरीण" म्हणत असतानाच मी रिक्षा बोलावली आणि गावातल्याच दवाखान्यात कोंब जाळून घेतला. काळी खपली धरली. मग एका सकाळी कापूस कोरडाच निघाला. तसाच उठून फोन केला.

"सुकली. या न्यायला."

निघताना जावई खाली मान घालून गाडीशी उभा. विहीणबाई पोरीला पदराखाली घेऊन पायरीवर थांबल्या. "व्याही, मला काही घाई नाही. तुम्हाला काही म्हणायचंय?"

बायकोने माझी बाही ओढली.

"उन्हं चढायच्या आत निघा," मी म्हटलं.

गाडी वळणाआड गेली तशी बायको ओट्यावर बसली. "एक शब्द टाकला असतात, तर ठेवली असती हो तिने."

ते मलाही दिसलं होतं. पण माझ्याच लेकीची लेक मी कुणाकडे मागायची?